नाकपुडीपेक्षा केशरी पट्टा बरा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, सेक्रेटरी मॅडम, खजिनदार काका, कमिटीतले बाकीचे सगळे आणि ए ते डी विंगमधले तमाम मेंबर,

नमस्कार. मी डी विंग, सहावा मजला. रंगकाम उपसमितीतली तिसरी मेंबर, म्हणजे जिच्यावर सध्या ग्रुपवर सगळ्यात जास्त दात आहेत ती. सोसायटीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, डोंबिवली पूर्वेला आहे एवढं पुरे, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

रविवारी स्पेशल जनरल मीटिंग आहे आणि विषय एकच, सी विंगच्या आंधळ्या भिंतीवरचं अर्धवट ॲबस्ट्रॅक्ट चित्र, म्हणजे नुसते रंग आणि आकार, ते पूर्ण करायचं की क्रीम कलर मारून मोकळं व्हायचं. मीटिंगमध्ये मला बोलायला दोन मिनिटं मिळणार आणि त्यातलं दीड मिनिट पार्किंगवर जाणार हे माहीत आहे, म्हणून आधीच लिहून टाकते. लांबलंय, पण वाचा.

आधी आपली चूक. आपली म्हणजे आमची, उपसमितीची. ऑगस्टच्या एजीएममध्ये आम्ही ते डिझाइन दाखवलं ते मोबाइलवर, हातोहात फिरवलं, काडेपेटीएवढं चित्र, कोणी चष्मा लावून बघितलं कोणी न लावता, आणि मग 'चालेल चालेल' म्हणून हात वर झाले कारण मागे बटाटेवडे गार होत होते. आता तेच अडतीस फूट रुंद आणि पंचाहत्तर फूट उंच भिंतीवर उतरायला लागल्यावर लोक दचकणारच. मोठ्या कागदावर प्रिंट काढून महिनाभर लिफ्टशेजारी लावायला हवी होती. नाही लावली. चुकलं.

पण दचकणं वेगळं आणि तक्रार अर्जावर सह्या घेऊन काम मध्येच थांबवणं वेगळं. सातवा आणि सहावा मजला रंगवून झालाय, खाली पाच मजले नुसता पांढरा प्रायमर, परांची तशीच बांधलेली आणि तिचं भाडं रोज चढतंय. ती दोन आर्टिस्ट पोरं रोज फोन करून विचारतात, ताई, येऊ का? काय सांगू त्यांना?

आता भिंतीबद्दल. नवीन मेंबरांना माहीत नसेल, आपली बिल्डिंग १९९३ ची, तेव्हा बिल्डरला सी विंगला चिकटून आणखी एक विंग काढायची होती म्हणून त्या बाजूला एकही खिडकी ठेवली नाही. ती विंग काही झाली नाही, मग पुढे वीस फूट सोडून डी विंग उभी राहिली, म्हणजे आम्ही. तेव्हापासून डी विंगच्या त्या बाजूच्या अठ्ठावीस कुटुंबांच्या किचनसमोर आणि बेडरूमसमोर ही भिंत आहे. शेवाळ, पावसाच्या पाइपचे काळे ओघळ, फुगलेलं प्लॅस्टर, कबुतरं. माझी मुलगी पहिलीत असताना तिला शाळेत 'माझ्या खिडकीतून' असं चित्र काढायला सांगितलं तर तिने अख्खा कागद राखाडी रंगवून नेला होता. बाईंनी शेरा दिला, 'अपूर्ण'.

वीस फूट हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्या वीस फुटांवरच आहे.

ग्रुपवर ज्या सूचना आल्या त्यातली सगळ्यात जास्त अंगठे मिळालेली सूचना अशी, की एवढा खर्च करताय तर एखाद्या थोर पुरुषाचा चेहरा काढा, निदान कळेल तरी काय आहे. ऐकायला बरोबर वाटतं. वांद्र्याला एमटीएनएलच्या बिल्डिंगवर दादासाहेब फाळक्यांचं केवढं मोठं चित्र आहे, चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर २०१८ मध्ये गांधीजी काढले, ब्राझीलच्या कोब्रा नावाच्या आर्टिस्टने. दोन्ही झकास आहेत. पण ती तुम्ही कुठून बघता? लांबून, रस्त्यावरून, टॅक्सीतून, सिग्नलला. अख्खा चेहरा डोळ्यात मावायला अंतर लागतं. आपल्याकडे अंतर वीस फूट आणि चित्र पंचाहत्तर फूट! म्हणजे सातव्या मजल्याला कपाळ, पाचव्याला डोळा, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंना पुढची दहा-बारा वर्षं सकाळी चहा घेताना एक भलीमोठी नाकपुडी. बाजूच्या गल्लीतून तिरकं बघितलं तर अर्धा गाल. थोर पुरुषाला हे बरं वाटेल का ते तुम्हीच सांगा.

आपल्या त्या बोळात उभं राहून ही भिंत अख्खी कोणालाच दिसत नाही, कधीच दिसणार नाही. ज्याला जो मजला, त्याला तेवढा तुकडा. मग तिथे असंच चित्र पाहिजे ना जे तुकड्यात बघितलं तरी पुरं वाटेल? ॲबस्ट्रॅक्ट आम्ही फॅशन म्हणून नाही घेतलं, त्या बोळात दुसरं काही बसतच नाही. आजीच्या गोधडीचं कसं असतं, कुठलाही कोपरा पांघरला तरी गोधडीच पांघरलेली असते, तिला डोकं आणि पाय नसतात. तसं.

दुसरी सूचना गणपतीची. मी स्वतः संकष्टी करते, तरी नको म्हणते. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या टाइल्स का लावतात ते सगळ्यांना माहिताय, लोकांनी पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून. बाहेरच्या भिंतीवर कबुतरं ऐकणार आहेत का? आणि सात-आठ वर्षांनी पोपडे निघायला लागले, देवाच्या डोळ्यावरचा रंग उडाला, की तेव्हाच्या कमिटीला फंड असो नसो तातडीने परांची बांधावी लागणार, कारण तसं ठेवता येणार नाही. चित्रातला एखादा पट्टा फिका झाला तर कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

तिसरी सूचना, सिमेंट कंपनीची जाहिरात घेऊ, उलट पैसे मिळतील. जाहिरातीला महापालिकेचं लायसन्स लागतं, फी लागते, आणि मुख्य म्हणजे वीस फुटांच्या बोळात कुठली कंपनी जाहिरात करणार आहे हो? कबुतरांसाठी? पुढे जात नाही.

आता 'हे काय आहे' या प्रश्नाकडे. सगळ्यात जास्त वेळा हाच आला. एकाने लिहिलं, भिंतीवर काय फासलंय. दुसऱ्याने लिहिलं, फॉरेनचं फॅड. फॉरेनचं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, गिरगावातल्या चाळीत वाढले, १९४८ ला मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलमधून डिप्लोमा घेतला, आणि पुढे असंच 'काय आहे ते न कळणारं' काढत राहिले. ते तर त्याला ॲबस्ट्रॅक्टसुद्धा म्हणायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याही वस्तूचं नसलेलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. फॅड आपल्याकडून तिकडे गेलंय.

दिल्लीला कधी गेलात तर कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची बिल्डिंग बघा, १९९२ ची, आर्किटेक्ट आपले मुंबईचे चार्ल्स कोरिया. पुढच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या इंग्लिश पेंटरचं काळं-पांढरं चित्र आहे, वडाचा पसारा म्हणा, सावल्या म्हणा, नाहीतर काही म्हणू नका. आणि ते काळं कशाचं आहे माहितेय? कडप्पा! आपल्या किचनच्या ओट्याला असतो तो. पांढरा मकराण्याचा संगमरवर. मी कामासाठी दिल्लीला गेले होते तेव्हा समोर रिक्षा थांबवून बघितलं, रिक्षावाला म्हणाला मॅडम ये क्या है, मी म्हटलं पता नहीं, आणि आम्ही दोघं पाच मिनिटं बघत बसलो. त्याने वेटिंग लावलं नाही.

आणि खरं सांगू का, डोंबिवलीकरांनी रंगाचा अर्थ विचारावा म्हणजे कमालच आहे. २०१४ ला आपल्याकडे हिरवा पाऊस पडला, २०२० ला एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला, अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितला. एवढे रंग फुकट बघून झाल्यावर ठरवून, मोजून, पैसे देऊन काढलेल्या केशरी पट्ट्याला आपण घाबरतोय.

तर केशरी पट्टा. यावर नीट लिहिते कारण हा माझा धंदा आहे. मी बावीस वर्षं डाइंगच्या कलर लॅबमध्ये शेड मॅचिंग करते. पार्टी कापडाचा तुकडा पाठवते, तोच रंग जमवून द्यायचा, ट्यूबलाइटखाली जमला आणि उन्हात फसला तर लॉट परत. त्यामुळे मी चित्रकार नाही पण रंग कसा फसवतो ते मला माहीत आहे.

सहाव्या-सातव्या मजल्यावरचा जो केशरी-गेरू आहे तो आत्ता भडक दिसतो, कबूल. मलाही दिसतो. दुपारी दोन-अडीचला ऊन त्याच्यावर पडतं आणि माझ्या किचनमध्ये केशरी उजेड शिरतो, परवा पोळ्या करपल्या असं वाटून मी गॅस बंद केला, करपल्या नव्हत्या. पण भडक का दिसतो? कारण त्याच्या लगेच खाली कोरा पांढरा प्रायमर आहे. पांढऱ्याशेजारी कुठलाही गडद रंग अंगावर येतो, तोच रंग राखाडी-निळ्याशेजारी ठेवा, बसतो गप्प. डिझाइनमध्ये त्याच्या खाली राखाडी-निळा आहेच, तो यायच्या आत आपण काम थांबवलं. साखर घालायच्या आधी चहाचा घोट घेऊन कडू म्हणण्यासारखं आहे हे.

आणि गेरू का? तर गेरू, पिवळी माती ही आयर्न ऑक्साइडची रंगद्रव्यं, उन्हाला दाद देत नाहीत. आमच्याकडे रंग उन्हात किती टिकतो ते ब्लू वूलच्या स्केलवर १ ते ८ मोजतात, ८ म्हणजे उत्तम, आणि मातीचे रंग त्या वरच्या टोकाला असतात. काहीजणांना जो राणी कलर हवा होता ना, तो बाहेरच्या भिंतीसाठी स्वस्तातल्या रंगात घेतला तर दोन-तीन उन्हाळ्यांत ओशाळतो. त्या पोरांना मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तुमची कला तुमच्याजवळ, पण उडणारा रंग माझ्या सोसायटीवर नको. त्यांनी ऐकलं. सगळा पॅलेट बदलला. याचं श्रेय मला कोणी दिलं नाही ते असो.

आता जरा तिरकं पण महत्त्वाचं. त्या चित्रात गडद सगळं वर का आहे आणि खाली काय येणार आहे, हे किती जणांनी बघितलंय? ऊन त्या बोळात फक्त वरच्या दोन मजल्यांपर्यंत पोचतं. खाली दिवसभर अंधार, पहिल्या मजल्यावर बाराच्या टळटळीत उन्हाच्या वेळी ट्यूब लावून भाजी चिरतात. पोरांनी आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ माझ्या आणि खालच्या तीन मजल्यांच्या खिडक्यांतून फोटो काढले आणि मग ठरवलं की गडद वर संपवायचं आणि चौथ्यापासून खाली फिकट पिवळा, सायीच्या रंगाचा, पांढरा असे मोठमोठे वळणदार आकार येऊ द्यायचे, म्हणजे जो काही थोडा उजेड बोळात उतरतो तो गिळला न जाता समोरच्या घरांत फेकला जाईल. म्हणजे खालच्या मजल्यांसाठी जे आहे ते अजून लागलेलंच नाही! आणि तक्रार अर्जावर सगळ्यात जास्त सह्या कोणाच्या आहेत, पहिला-दुसरा मजला. काय बोलायचं.

'नुसता पांढराच मारा मग' असं कोणी म्हणेल. म्हणा. पण बोळातल्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर पहिल्या पावसाचा पहिला ओघळ जो दिसतो तो पुढचा रंग लागेपर्यंत दिसतो, आकारांच्या गर्दीत तो लपतो. क्रीम कलर आपण तीन वेळा मारून बघितलाय.

ओल आणि गळतीचं म्हणणाऱ्यांचं मात्र शंभर टक्के बरोबर. गळक्या भिंतीवर चित्र काढणं म्हणजे तापावर पावडर लावण्यासारखं, मी स्वतः एजीएममध्ये हे बोलले होते, मिनिट्समध्ये आहे. म्हणून तर दिवाळीनंतर आधी फुगलेलं प्लॅस्टर ठोकून काढलं, भेगा भरल्या, नवीन प्लॅस्टर केलं, पाणी मारलं, आणि २८ दिवस थांबलो. कॉन्ट्रॅक्टर रोज म्हणायचा मॅडम मारू का प्रायमर, मी नाही म्हणायचे, कारण नवीन सिमेंट तीव्र अल्कलाइन असतं, घाईने रंग चढवला की जळतो, खार फुटतो. बिल्डिंग तिशी ओलांडलेली म्हणजे उपविधीप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आहेच, यंदाचं ऑडिट झाल्यावरच हे काम काढलंय. प्लॅस्टर, प्रायमर, परांची हा खर्च क्रीम मारला असता तरी होताच. चित्राचा जास्तीचा खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार, फ्लॅट चौऱ्याऐंशी, म्हणजे घरटी दोन हजार दोनशेच्या आसपास, एकदाच. ए आणि बी विंगवाले म्हणतात आम्हाला ती भिंत दिसतच नाही, आम्ही का द्यायचे. बरोबर आहे, आणि आम्हाला तुमच्या बाजूचं गार्डन दिसत नाही, चार वर्षं माळ्याचा पगार देतोय.

आणखी एक, हे धमकी म्हणून घेऊ नका पण कोणीतरी सांगायला हवं. विकत घेतलं म्हणजे पुसायचा हक्क मिळाला असं आपल्याकडच्या कायद्यात सरळ नाहीये. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं, सरकारने स्वतः करून घेतलेलं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उखडून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे उरलेले भाग परत द्या आणि वर पाच लाख भरपाई. कॉपीराइट ॲक्टचं कलम ५७, कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागता येते ते. आपली पोरं काही कोर्टात जाणारी नाहीत, ती अजून ॲडव्हान्स मागताना लाजतात. पण लाजतात म्हणून आपण काहीही करायचं का? करारात लिहिलंय की दहा वर्षांनी रीपेंटिंगच्या वेळी सोसायटी मोकळी. दहा वर्षांनी हवं ते करा. तीन आठवड्यांत नको.

एक गोष्ट सांगून आवरतं घेते. अल्बानियाची राजधानी तिराना, २००० साली तिथे एदी रामा नावाचा मेयर आला, मूळचा पेंटर. तिजोरीत खडखडाट, शहर राखाडी, कचरा. याने काय केलं तर जुन्या कळकट बिल्डिंगांचे दर्शनी भाग भडक रंगांनी, पट्ट्यांनी, चौकोनांनी रंगवायला घेतले. पहिल्या बिल्डिंगवर केशरी लागला (केशरीच!) आणि खाली ट्रॅफिक जॅम. त्याने पुढे एका भाषणात सांगितलं की लोकांना दोन प्रश्न विचारले होते, रंग आवडले का आणि काम चालू ठेवायचं का. ६३ टक्के म्हणाले आवडले. ३७ टक्के म्हणाले नाही आवडले, पण त्या नाही म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सांगितलं, चालू ठेवा. हे मला फार आवडतं. म्हणजे आवडत नाही आणि बंद करा, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्या तक्रार अर्जावर मात्र दोन्हींसाठी एकच सही घेतली.

म्हणून मागणी अशी की रविवारी मतदान घ्यायचं तर दोन वेगळे प्रश्न ठेवा. आवडलं का, आणि पूर्ण करायचं का. पहिल्यात मी स्वतः 'तो केशरी थोडा कमी हवा होता' असं लिहिणार आहे, उगाच खोटं कशाला बोलू. सातव्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार, की गडद रंगाने त्यांच्या बेडरूमची भिंत तापते, ती खरी आहे, गडद भिंत जास्त तापतेच. पोरांशी बोलले आहे, त्यांच्या खोलीमागचा पट्टा दोन शेड फिका करायला ती तयार आहेत, जादा पैसे न घेता, पण त्यासाठी परांची उभी असताना त्यांना वर चढू द्यावं लागेल.

मीटिंगच्या आधी, शनिवारी दुपारी दोन वाजता, ज्यांना यायचंय त्यांनी आधी पहिल्या मजल्यावरच्या जोशी काकूंच्या किचनमध्ये जा, त्यांनी हो म्हटलंय, आणि मग लिफ्टने माझ्याकडे या. फोनवर बघून आधीच एकदा फसलोय.

आणि चेअरमन साहेब, खालच्या आठ फुटांचं अजून कोणीच काही ठरवलेलं नाही. तिथे पोरांचे बॉल लागतात, स्कूटरची हँडलं घासतात, वॉचमन सायकल टेकवतो. तिथे फिकट रंग टिकणार नाही. धुता येईल असा, मातकट काहीतरी घ्यावा असं मला वाटतं. मी तीन शेडचे तुकडे रंगवून आणते, त्यातला एक रविवारी नक्की करू.

आपली,
डी विंग, सहावा मजला